आखूड धावपट्टीचा हिवाळा

कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की कोपरगावात सकाळच्या हवेला मळीचा वास येतो. पाहुण्यांना तो सहन होत नाही. आम्हाला तो आला नाही तर चुकल्यासारखं होतं. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे सांडलेली कांडी आणि पाचट, आणि नदीवरून उठून पुलाच्या कठड्यापर्यंत आलेलं धुकं. यंदाही हे सगळं वेळेवर आलं. लोकांना हिवाळे हुरड्याने आठवतात, लग्नांनी आठवतात. मला थंडी पडली की एकच हिवाळा आठवतो, आणि त्यात मी रोज दुपारी एका कांद्याच्या वावराच्या बांधावर बसून आकाशाकडे बघत असते.

मला विमानांची आवड नव्हती. आजही आहे असं म्हणवत नाही. आवड अण्णांची. अण्णा म्हणजे माझे सासरे. मुंबईला विमानांची चाकं आणि ब्रेक दुरुस्त करण्याच्या विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले आणि सासूबाईंना घेऊन गावी परतले. नवऱ्याची नोकरी गुजरातमध्ये, मुलगी पुण्यात शिकायला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. मी गावातल्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी लवकर सुरू होणारं काम, दुपारी दोनला मी मोकळी.

अण्णांची आवड सरसकट विमानांची नव्हती. घरावरून एखादं विमान गेलं तर ते मानही वर करत नसत. त्यांना हवी असत ती जुनी जेट विमानं, पंखांखाली लांबट, निमुळती इंजिनं असलेली, धूर सोडणारी. आणि तीही उतरताना, आणि तीही आखूड धावपट्टीवर. मोबाईलवर ते अशीच दृश्यं शोधून बघायचे. डोंगराचा माथा सपाट करून केलेली पट्टी, तिच्या दोन्ही टोकांना दरी. कुठल्यातरी बेटावरची, समुद्रापाशी एकदम संपणारी. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातली खडीची पट्टी, तिच्यावर जुनं बोइंग येऊन टेकतं आणि मागे पांढरा लोट उठतो. पाटापुढे ताट वाढून ठेवलेलं असायचं आणि अण्णा ते विमान थांबेपर्यंत उठायचे नाहीत. "थांबलं का तुमचं?" असं सासूबाई विचारायच्या. "थांबलं," असं म्हणून ते हात धुवायला जायचे.

एकदा मी त्यांना विचारलं, की उतरणंच का? सगळी माणसं विमान उडताना बघतात.

ते म्हणाले, "उडायला जोर लागतो, तो इंजिनात असतो. उतरायला हिशोब लागतो, तो माणसात असतो." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि मी ते कधी बघितलंच नाही गं."

हे मला त्या दिवशी कळलं. विमानं जायची त्या डोंगरी गावांना, आणि अण्णांकडे यायची ती फक्त त्यांची चाकं. झिजलेल्या टायरवरचे सपाट डाग, जळून निळ्या पडलेल्या ब्रेकच्या चकत्या. त्यावरून ते ओळखायचे, की हे चाक कुठल्या पट्टीवरून आलं, पाऊस होता का, वैमानिकाने वेळेवर टेकवलं की पुढे नेऊन टेकवलं आणि मग ब्रेकवर उभा राहिला. उभा जन्म त्या माणसाने दुसऱ्यांनी केलेली धाडसं चाकांवर वाचली होती. बांधकामावरच्या गवंड्याने आपण बांधलेल्या घरात कधी पाऊल ठेवू नये, तसं काहीसं.

कोपरगावहून संगमनेरकडे जाताना, मुख्य रस्ता सोडून आत, एका माळावर एक खाजगी प्रशिक्षण संस्था आहे. तिची छोटीशी धावपट्टी आहे. तिथे चार माणसं मावतील एवढी विमानं उतरतात. अण्णांना त्यांच्यात रस नव्हता. पण त्या वर्षी दिवाळी झाली आणि त्यांच्या मुंबईच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मालवाहतुकीत वापरलेलं एक जुनं जेट आता मोडीत निघणार होतं, आणि विमानदुरुस्ती शिकणाऱ्या मुलांना हात बसवायला म्हणून या संस्थेने ते घेतलं होतं. ते उडत येणार होतं. शेवटचं उड्डाण, आणि उतरायचं या पट्टीवर.

अण्णांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "वंदना, तुला दुपारी वेळ असतो ना?"

असे आम्ही जाऊ लागलो. माझी स्कूटर, मागे अण्णा, डोक्याला मफलर, हातात दुर्बीण. तारीख नक्की नव्हती. कधी परवानगी अडकायची, कधी एखादा भाग मिळायचा नाही. पण अण्णांचं म्हणणं असं, की आधी जागा समजून घेतली पाहिजे. कुंपणाला लागून रंभाजीरावांचं वावर होतं. साठीचे, अंगाने काटक, दिवसभर कांद्याच्या लागणीत वाकलेले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला हटकलं. अण्णांनी सगळं सांगितलं. रंभाजीरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुमी इमान बघाया आलाय. बघा की. बांधावर बसा, पर रोपावर पाय नका देऊ."

तिसऱ्या दिवशी त्यांनी बांधावर बाज आणून टाकली.

त्या दुपारांचं सगळं मला अजून नीट आठवतं. ओल्या मातीचा आणि कांद्याच्या रोपाचा हिरवट, नाकात जाणारा वास. बायका रांगेने वाकून लागण करत असायच्या, त्यांच्या बोलण्याचा एकसारखा आवाज. पाटाला पाणी सोडलेलं असलं की बगळे उतरायचे. मी एकदा अण्णांना म्हटलं, बघा, हे किती कमी जागेत उतरतात. ते गंभीरपणे म्हणाले, "त्यांना ब्रेक लागत नाहीत. पंखच उभे धरतात." आणि मग मला जुन्या जेटच्या पंखांच्या मागच्या झडपा समजावून सांगायला लागले. टेकल्यावर इंजिनाच्या मागे दोन अर्धगोल पाळ्या मिटतात आणि आगीचा जोर पुढे फेकला जातो. आवाज असा होतो की छातीत ऐकू येतो. विमान अलगद टेकलं की प्रवाशांना वाटतं वैमानिक हुशार. "अलगद टेकवणं ही लांब पट्टीची चैन," अण्णा म्हणायचे. "आखूड पट्टीवर ठरलेल्या जागी ठोकून टेकवायचं. लोकांनी नावं ठेवली तरी चालेल. मागे राहिलेली पट्टी काही कामाची नसते."

डिसेंबरच्या सुरुवातीला मी त्यांना संगमनेरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पूर्वीच झालं होतं, पण त्याने लांबचं धूसरच दिसायचं. उजव्याचं राहिलं होतं. अलीकडे त्यांना दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती. डॉक्टर बाईंनी तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, "मोतीबिंदू फुगतोय आणि डोळ्यातला दाब वाढतोय. मी थेंब देते, पण ते तात्पुरते. पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करून घ्या. दाब एकदम वाढला तर मागची नस जाते, आणि गेलेली नस परत येत नाही."

"ऑपरेशननंतर बाहेर कधी जाता येईल?" अण्णांनी विचारलं.

"धुळीत म्हणाल तर महिनाभर नाही."

बाहेर आल्यावर अण्णा रसाच्या गाड्यापाशी थांबले. रस घेतला नाही, नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "विमान या महिन्यात येतंय. तेवढं होऊ दे. घरी आत्ताच नको सांगू."

मी लॅबमध्ये काम करते. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, हे मला कळत होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या माणसाने माझ्याकडे स्वतःसाठी पहिल्यांदा काही मागितलं होतं, म्हणून मी हो म्हटलं, असं मी पुढे नवऱ्याला सांगितलं. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. लॅबमध्ये मी दुसऱ्यांचं रक्त बघते, घरी आल्यावर दुसऱ्यांचं जेवण. बांधावरचे ते दोन तास कुणाचेच नव्हते. मलाही ते जायला नको होते. हे तेव्हा मी स्वतःशीही बोलले नाही.

पंधरा दिवस झाले. वीस झाले. अण्णा थेंब न चुकता घालायचे, माझ्यासमोर घालायचे, माझी खात्री पटावी म्हणून. बांधावर त्यांनी दुर्बीण डाव्या डोळ्यालाच लावायला सुरुवात केली होती. मी बघत होते, पण बोलत नव्हते.

मग एका सकाळी फोन आला की आज दुपारी येतंय. मी लॅबमधून लवकर निघाले आणि आम्ही बाराच्या आधीच बांधावर होतो. संस्थेची मुलं पलीकडे रांगेत उभी होती, अग्निशमनाची गाडी बाहेर काढलेली होती. रंभाजीरावांनी लागण थांबवली आणि बायकांना म्हणाले, "बसा जरा. रोज रोज न्हाई येत." आकाशात विरळ धुरकट झाक होती. धावपट्टीच्या कडेची, वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी सकाळी एका दिशेला फुगली होती. आता ती लोंबत होती, मध्येच उलटी व्हायची. अण्णा तिच्याकडे सारखे बघत होते.

आधी आवाज आला. मग संगमनेरच्या बाजूला एक काळसर रेघ दिसली, तिच्या टोकाला विमान. चाकं बाहेर काढलेलं, नाक किंचित वर, हळू, एवढं हळू की ते हवेत कशाच्या आधाराने आहे हे कळू नये. पट्टीच्या टोकाच्या बाभळींच्या वर आलं. मला त्याच्या पोटावरचे रंग उडालेले चट्टे दिसले. नारिंगी पिशवी उलटी फुगली. आणि विमान टेकणार असं वाटत असताना इंजिनांचा आवाज एकदम चढला, नाक वर झालं, चाकं आत गेली आणि ते आमच्या डोक्यावरून, बगळ्यांना उठवत, निघून गेलं.

"आवं, हे तर चाललं," रंभाजीराव म्हणाले.

"बरोबर केलं," अण्णा म्हणाले.

अर्धा तास थांबलो. मग कुंपणापलीकडच्या रखवालदाराने सांगितलं की वारा मागून येतोय, पट्टी पुरली नसती, म्हणून ते दुसरीकडच्या मोठ्या विमानतळावर गेलं, आता पुन्हा कधी ते माहीत नाही. अण्णांनी दुर्बीण गळ्यातून काढून तिच्या डबीत ठेवली. स्कूटरवर बसताना मी विचारलं, "निदान दिसलं तरी ना नीट?"

"आवाजावरून कळलं मला," ते म्हणाले. "दिसलं नाही तसं."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता अण्णांनी कप खाली ठेवला आणि कपाळ धरलं. उजवा डोळा लालभडक झाला होता. उलटी झाली. सासूबाई पित्ताची गोळी शोधत होत्या. मी गाडी बोलावली. संगमनेरला पोहोचेपर्यंत अण्णा एका हाताने डोळा झाकून, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरून बसले होते. बाईंनी आधी दाब उतरवला, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन केलं. नंतर मला आत बोलावून म्हणाल्या, "भिंग बसवलंय. पण नसेला मार बसलाय. या डोळ्याने आता मधलं थोडं दिसेल, कडेचं नाही." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जुना कागद काढून त्यावरची तारीख बघितली, आणि कागद परत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासूबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. "आधी काही बोलल्या होत्या का त्या बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं. रसाच्या गाड्यापासून सगळं सांगितलं.

"ह्यांचं एक समजू शकते मी," त्या म्हणाल्या. "ह्यांना लहानपणापासून अक्कल नाही. तुला होती." मग चार-पाच दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चहा मात्र वेळेवर देत होत्या. कप समोर ठेवायच्या आणि निघून जायच्या.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णांजवळ मीच थांबले होते. त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती. ते जागे आहेत हे मला बोटांवरून कळलं. चादरीवर बोटं हलत होती.

"वंदना," ते म्हणाले, "तो वैमानिक वर निघून गेला. शेवटचं उड्डाण होतं त्या विमानाचं, खाली एवढी माणसं बघत होती, तरी गेला. आणि मी ज्याला त्याला आयुष्यभर हेच सांगत आलो, की जमत नसेल तर उतरू नये. स्वतः मात्र उतरायचंच म्हणून बसलो."

मी म्हटलं, "तुमच्या शेजारी मीही बसले होते, अण्णा."

अण्णा त्यावर नाही म्हणाले नाहीत, हे मला आवडलं.

आज मागे वळून बघताना मला त्या हिवाळ्याबद्दल नेमकं काय वाटतं ते सांगणं अवघड आहे. पश्चात्ताप आहे, पण तो रोजचा नाही. अण्णा आता उजवीकडून कुणी आलं की दचकतात, ताटातली उजव्या बाजूची भाजीची वाटी त्यांना चटकन दिसत नाही, सासूबाई ती उचलून डावीकडे ठेवतात. तेव्हा तो होतो. आवड माणसाला काय देते हे लोक पुष्कळ सांगतात. ती काय घेते, हे घरातल्या माणसांना माहीत असतं. तरीही बांधावरच्या त्या सगळ्या दुपारी मला परत मिळाल्या तर मी नको म्हणेन का? अण्णांना मी हे कधी विचारलं नाही. ते अजून मोबाईलवर ती दृश्यं बघतात, मान थोडी उजवीकडे वळवून.

ते विमान नंतर आलं. ऑपरेशनला दहा-बारा दिवस झाले असतील. जानेवारीची कोरडी, स्वच्छ थंडी होती आणि वारा सकाळपासून एकाच बाजूने वाहत होता. फोन आला तेव्हा अण्णा पलंगावर हिरवा चष्मा लावून बसले होते. त्यांनी ऐकलं, "बरं," म्हणाले, आणि फोन उशाशी ठेवला. जायचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी दारातून त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू जा," त्या म्हणाल्या. "जाऊन बघ आणि येऊन सांग ह्यांना. नाहीतर हे असेच बसून राहतील."

मी एकटीच गेले. रंभाजीराव बाजेवर सरकून बसले आणि "आन्ना कुठं?" म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कांद्याच्या पातीने वाफे आता हिरवे झाले होते. विमान त्याच बाजूने आलं, तसंच हळू. मी मनात सगळं मोजून ठेवत होते, कारण मला ते कुणालातरी द्यायचं होतं. नाक किती वर, पंख कुठल्या बाजूला कलला, बाभळींच्या किती वरून आलं. मग मोठा आवाज झाला, जमीन हलल्यासारखी झाली, इंजिनांमागच्या पाळ्या मिटल्या आणि तो आवाज खरंच छातीत ऐकू आला. विमान पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या बरंच अलीकडे थांबलं. मुलं टाळ्या वाजवत होती. रंभाजीरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पोचलं म्हाताऱ्याचं," ते म्हणाले. कुठल्या म्हाताऱ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

घरी आले तेव्हा अण्णा तसेच बसले होते. मी पायातलं न काढताच सुरुवात केली. त्यांनी मध्ये मध्ये विचारलं. वारा कुठला होता? पांढऱ्या पट्ट्यांच्या आधी टेकलं की नंतर? पुढचं चाक लगेच खाली आलं का? मी जमेल तसं सांगत होते.

"आणि टेकलं त्या क्षणी?" त्यांनी विचारलं. "टायरांचा धूर दोन्हीकडून एकदम निघाला, की आधी एका बाजूने?"

काहीतरी सांगता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता.

"मला माहीत नाही, अण्णा," मी म्हटलं. "टेकताना माझे डोळे मिटले. भीती वाटली. उघडले तेव्हा धूर मागे राहिला होता, आणि विमान पुढे पळत होतं."

हिरव्या काचांमागे अण्णांचं काय चाललंय ते दिसत नव्हतं. मग त्यांच्या ओठांची कड हलली.

"वैमानिकाला तेवढी सोय नसते," ते म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला चाचपून घेतला, दोन घोट प्यायले आणि पेला खाली ठेवला. "पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग. घाई करू नको."

मी खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा सुरुवात केली. बाभळींपर्यंत आले असेन, तेवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेला, अण्णांच्या उजव्या बाजूला बसल्या.

"कुठल्या बाभळी?" त्यांनी मला विचारलं.